ह्युबर्ट डेव्हिसचं पहिलं वर्ष

नमस्कार मंडळी! आज बास्केटबॉलवर बोलायचंय, आणि तेही अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर. एनबीए, म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, आपल्याकडची पोरं बघतात, जर्सी घालून फिरतात, पण कॉलेजच्या मॅचेस फारसं कोणी बघत नाही, आणि मला मनापासून वाटतं की बघायला हव्यात.

तर नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी, गाव चॅपल हिल. मायकल जॉर्डन शिकला ती. एप्रिल 2021 मध्ये तिथले कोच रॉय विल्यम्स रिटायर झाले, तीन वेळा नॅशनल चॅम्पियनशिप जिंकून दिलेला माणूस, आणि त्यांच्या जागी आला ह्युबर्ट डेव्हिस. याच कॉलेजकडून खेळलेला, मग एनबीए, मग 2012 पासून विल्यम्सचा असिस्टंट. मोठ्या टीमचा हेड कोच म्हणून अनुभव शून्य, कॉलेजच्या ज्युनियर टीमला तेवढं शिकवलेलं. या कॉलेजच्या पुरुष टीमचा पहिला कृष्णवर्णीय हेड कोच, तेव्हा लोकांच्या नजरा किती रोखलेल्या असतील बघा.

विल्यम्सची पद्धत म्हणजे दोन उंच प्लेयर बास्केटजवळ उभे करायचे. डेव्हिसने पहिल्याच वर्षी ते बदललं. ओक्लाहोमाहून ब्रेडी मॅनेक नावाचा उंच पोरगा आला होता, तो लांबून थ्री पॉइंटर, म्हणजे रेषेबाहेरून तीन पॉइंटचा बास्केट, मारायचा, त्यामुळे डिफेंडरला त्याच्या मागे बाहेर यावंच लागायचं आणि आत आर्मांडो बेकॉटला मोकळी जागा मिळायची. ऐकायला सोपं वाटतं, पण बसायला वेळ लागला. डिसेंबरमध्ये केंटकीने 98-69 असं धुतलं, जानेवारीत मायामीने 85-57, फेब्रुवारीत ड्यूकने तर घरच्या कोर्टवर येऊन 20 पॉइंटनी हरवलं. आणि 16 फेब्रुवारीला पिट्सबर्गसारख्या त्या वर्षी कमजोर असलेल्या टीमकडून, पुन्हा घरीच, हार.

या पिट्सबर्गच्या मॅचनंतरच खरी मजा आहे. डेव्हिसने पाच जणांवर विश्वास टाकला, केलेब लव्ह, आरजे डेव्हिस, लीकी ब्लॅक, मॅनेक आणि बेकॉट, आणि तेच पाच जण जवळजवळ पूर्ण मॅच कोर्टवर. दमतील, फाउल होतील, कोणी जखमी झालं तर काय, हे सगळं त्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे, तरी तो मागे हटला नाही आणि मला त्याचं हेच फार आवडतं.

5 मार्चला ड्यूकच्या कोर्टवर मॅच होती. ड्यूक म्हणजे जेमतेम 15-16 किलोमीटरवरचं कॉलेज, हाडवैर, आणि त्यांचे कोच शशेव्हस्की, सगळे ज्यांना कोच के म्हणतात, त्यांची 42 वर्षांनंतर घरची शेवटची मॅच. जुने खेळाडू जमलेले, निरोपाचा कार्यक्रम ठरलेला. नॉर्थ कॅरोलायनाने 94-81 ने जिंकली! चार जणांनी प्रत्येकी 20 किंवा जास्त पॉइंट केले.

मग नॅशनल टूर्नामेंट, तिथे आठवं सीड, म्हणजे आपल्या गटात आठवा मानांकित क्रमांक. दुसऱ्या राउंडला गतविजेती बेलर टीम, आणि हे 25 पॉइंटनी पुढे असताना मॅनेकचं कोपर समोरच्या खेळाडूला लागलं म्हणून रेफरीने त्याला बाहेर काढलं, आघाडी पार वितळली, मॅच ओव्हरटाइममध्ये गेली, मधेच लव्हही पाच फाउल होऊन बाहेर. तरी 93-86 ने जिंकले. पुढे यूसीएलए, मग सेंट पीटर्स, आणि सेमीफायनलला परत ड्यूक! इतक्या वर्षांच्या वैरात या टूर्नामेंटमध्ये दोघं पहिल्यांदाच समोरासमोर. आपल्याकडे ती गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची, रविवारची सकाळ होती. 25 सेकंद उरलेले असताना लव्हने थ्री पॉइंटर टाकला, शेवटी 81-77, आणि कोच केंचं करिअर तिथे संपलं.

फायनल न्यू ऑर्लिन्समध्ये, कॅन्ससशी. हाफटाइमला 40-25 असे पुढे होते हो! पण सेमीफायनलमध्ये बेकॉटचा घोटा मुरगळला होता, तो त्याच पायावर खेळत होता, 15 पॉइंट, 15 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), आणि शेवटच्या मिनिटात पाय परत दुमडला आणि त्याला बाहेर जावं लागलं. कॅन्सस 72, नॉर्थ कॅरोलायना 69. दमलेले पाय दिसत होते, ज्या पाच जणांनी तिथवर आणलं त्यांच्यातच काही उरलं नव्हतं, आणि तरीही मी म्हणेन की डेव्हिसचं बरोबर होतं, कारण त्या पाच जणांशिवाय ही टीम न्यू ऑर्लिन्सला पोचलीच नसती.

पुढच्या वर्षी ही टीम सीझनच्या आधी एक नंबरला होती आणि त्या नॅशनल टूर्नामेंटमध्ये जागासुद्धा मिळाली नाही, मॅनेक गेलेला होता आणि बाहेरून तसं मारणारा उंच प्लेयर परत मिळालाच नाही. तुम्हाला बघायचंच असेल तर बेलरची मॅच शोधा, हायलाइट्स नको, सेकंड हाफ पूर्ण बघा, आणि मॅनेक बाहेर गेल्यावर बाकीचे चौघं काय करतात तिकडे लक्ष ठेवा.