आधी ‘बोंझूर’, मग बाकीचं

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रेंच शिकायची म्हटली की बहुतेकजण क्रियापदांचे तक्ते घोकायला बसतात. मीही बसले होते. पुढे फ्रान्समध्ये, ल्यों शहरात, पहिल्याच सकाळी एका बेकरीत शिरले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘मला एक लांब पाव हवा आहे.’ व्याकरण बिनचूक होतं. काउंटरमागच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘बोंझूर, मादाम.’ मी ‘बोंझूर’ म्हणेपर्यंत पाव काही पुढे आला नाही.

त्या रागावल्या नव्हत्या. फ्रान्समध्ये दुकानात पाऊल ठेवणं म्हणजे कुणाच्या तरी घरात शिरण्यासारखं असतं. आपणही कुणाकडे गेल्यावर आत शिरताशिरता कामाचं बोलत नाही. तिथे दुकानदाराला, बसच्या ड्रायव्हरला, दवाखान्यात आधीच येऊन बसलेल्या अनोळखी पेशंटनासुद्धा ‘बोंझूर’ म्हणतात. म्हणून माझ्या वर्गात पहिला आठवडा आम्ही फक्त हा शब्द म्हणतो.

तुम्हीही म्हणून पाहा. ‘बों’ म्हणताना जीभ टाळूला लावू नका, स्वर नाकातून सोडा. कोकणी बोलणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही, त्यांच्या भाषेत असे स्वर जागोजागी आहेत. ‘झू’मधला झ ‘ट्रेझर’मधल्यासारखा घासून येऊ द्या. शेवटचा र जिभेच्या टोकाने नाही, घशातून, गुळणी करताना होतो तसा. म्हणा: बों-झूर.

‘बों’ म्हणजे चांगला, ‘झूर’ म्हणजे दिवस. संध्याकाळ झाली की ‘बोंस्वार’. ‘बोन न्वी’ मात्र जपून वापरा. आपण रात्री कुणाचाही निरोप घेताना शुभ रात्री म्हणून टाकतो, तिथे ‘बोन न्वी’ झोपायला जातानाच म्हणतात. ‘साल्यू’ हा दोस्तांमधला शब्द, भेटतानाही तोच आणि निघतानाही तोच. बँकेतल्या साहेबांना तो म्हणू नका.

आता जिथे इंग्रजी माध्यमातून फ्रेंच शिकणारे अडखळतात आणि मराठी माणूस सहज पुढे जातो, ते सांगते. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘व्हू’ आहेत, म्हणजे आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’. ‘व्हू’ आदरार्थी चालतं आणि अनेकांसाठीही, अगदी ‘तुम्ही’सारखं. पण फरकही आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत आईला ‘अगं’ आणि बाबांना ‘अहो’ असतं. तिथे बहुतेक घरांत आईवडील दोघंही ‘त्यू’. उलट अनोळखी माणूस वयाने लहान दिसला तरी मोठ्यांमध्ये सुरुवात ‘व्हू’ने होते. मग ओळख वाढली की एकजण विचारतो, ‘आपण एकमेकांना त्यू म्हणूया का?’ मला हा प्रश्न फार आवडतो. मैत्री तिथे अशी बोलून, परवानगी घेऊन पुढे सरकते.

हा भेद विनंतीतही शिरतो. ‘कृपया’साठी ‘सिल व्हू प्ले’, शब्दशः ‘तुम्हांला रुचत असेल तर’. मित्राला तेच ‘सिल त प्ले’. आभार मानायला ‘मेर्सी’. वाट काढताना किंवा धक्का लागला तर ‘पार्दों’. खुशाली विचारायला ‘सा व्हा?’ आणि उत्तरही ‘सा व्हा’. आवाज वर गेला तर प्रश्न, खाली आला तर उत्तर. आपलं ‘बरं?’ आणि ‘बरं.’ असंच की नाही? स्वतःचं नाव सांगायचं तर ‘झ मापेल’ म्हणा आणि पुढे नाव जोडा.

बाजारहाटाला आकडे लागतात आणि तिथे नवशिके घाबरतात. ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९० म्हणजे चार-वीस-दहा. मुलं हसतात. मी त्यांना विचारते, तुमच्या गावाकडच्या आजी विसांनी मोजत नाहीत का? तीन विसा, चार विसा. ‘कात्र व्हँ’ म्हणजे नेमकं तेच, चार विसा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० आणि ९०साठी ‘सेप्तांत’ आणि ‘नोनांत’ असे सोपे शब्द आहेत, पण पॅरिसमध्ये चार विसांना पर्याय नाही.

निघताना नुसतं वळून चालू पडायचं नाही. ‘ओ रव्वार’, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. आपण दारातून ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो, त्याच्याच जवळचं. जोडीला ‘बोन झूर्ने’, तुमचा दिवस चांगला जावो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच बेकरीत गेले. दार ढकलताच म्हटलं, ‘बोंझूर, मादाम.’ बाईंनी पाव कागदात गुंडाळला, कालच्यापेक्षा गरम होता, आणि देताना म्हणाल्या, ‘आ दमँ.’ उद्या भेटू. ल्योंमध्ये होते तोवर मी पाव दुसरीकडून घेतला नाही.