स्प्रिंग बदलली, सेन्सरला सांगितलं का?

(दृश्य: मेजर टेप, चाकाचा मध्य, मडगार्डची कड)

आधी मोजमाप. चारही चाकांचं. आकडे थेट काचेवर, मार्करनं.

जर्मनीतलं दोन लिफ्टचं गॅरेज. वर चढलीय सातव्या पिढीची गोल्फ जीटीआय. साध्या गोल्फपेक्षा ती कंपनीतूनच 15 मिलिमीटर खाली येते. मालक मूळचा चाकणचा. त्याला आणखी 25 खाली हवीय, म्हणून आखूड स्प्रिंगा.

गाडीला डीसीसी आहे, म्हणजे शॉकअपमध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. ‘अडॅप्टिव्ह आहे ना, मग घेईल जुळवून,’ असं सर्रास ऐकू येतं. अर्धंच खरं. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग, शॉकअप तिची उसळी आवरतो. व्हॉल्व्ह तेलाची वाट अरुंद-रुंद करतो, पण कंपनीच्या स्प्रिंगसाठी आखलेल्या मर्यादेतच. स्प्रिंग 20 टक्के कडक झाली, तर तेवढाच आवर ठेवायला शॉकअपचा जोर साधारण 10 टक्के वाढावा लागतो. एवढं सहसा निभतं. गाडी खाली आणायला कापलेल्या स्प्रिंगचं गणित मात्र कुणी मांडलेलंच नसतं.

(दृश्य: मागचा आर्म खाली येतो)

मागची स्प्रिंग सुटी. आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, खाली घेतला की हातात येते. पुढची शॉकअपवरच चढवलेली. स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये दाबल्याशिवाय वरच्या नटला पाना लावायचा नाही.

(दृश्य: सेन्सर, अगदी जवळून)

ही बारीक काडी बघा. एक टोक आर्मला, दुसरं सेन्सरला. चाक किती वर आलं ते कंट्रोल युनिटला हिच्यामुळे कळतं. आता गाडी खाली आलीय, नुसती उभी आहे, तरी सेन्सरच्या हिशेबी चाक उंचवट्यावर चढलेलं! म्हणून लॅपटॉप जोडायचा आणि नवी उंची हीच शून्य, असं युनिटला शिकवायचं. हेडलाइटचा झोतही याच सेन्सरवर ठरतो, तिथंही शून्य नव्यानं. हे काम जेमतेम काही मिनिटांचं, आणि बहुतेकदा राहून जातं ते हेच.

आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लटकत्या चाकावर आवळले की बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, कायमचा पिळलेला राहतो.

मग अलाइनमेंट, आणि टीयूव्ही या जर्मन वाहन-तपासणी संस्थेची तपासणी. ती चुकवली तर गाडीची रस्त्यावरची मान्यता जाऊ शकते. खड्ड्यात शॉकअप बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, लवकर आपटेल, तेही आलंच.

(दृश्य: पुन्हा काच, पुन्हा मार्कर)

पुढे 24, मागे 21 मिलिमीटर खाली. स्प्रिंगा बसल्या की अजून थोडं.