साधं पान अजून उघडतंय

एक पांढरं पान डोळ्यांसमोर आणा, फोटो नाही, रंग नाही, नुसता मजकूर आणि निळ्या लिंका, ही जगातली पहिली वेबसाइट. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी बनवलेली, १९९०-९१ ची. २०१३ मध्ये सर्ननं ती जुन्याच पत्त्यावर परत लावली आणि आजच्या मोबाइलवर पण पटकन उघडते, कारण आत आहे काय, थोडंसं एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची साधी भाषा.

आता जिओसिटीज. १९९४ ला सुरू झालं, फुकटात स्वतःचं पान मिळायचं, मग काय, लोकांनी मांजरांचे फोटो, लुकलुकणारी अक्षरं, ‘काम चालू आहे’च्या पाट्या, जे सुचेल ते लावलं. १९९९ मध्ये याहूनं विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये कुलूप. आर्काइव्ह टीम नावाच्या हौशी मंडळींनी पळापळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं. (आपलं ऑर्कुट २०१४ ला गेलं. टेस्टिमोनियल्स सेव्ह केली होती का कुणी?)

असं एका कंपनीनं कुलूप लावलं की सगळं जातं, म्हणून ट्विटरसारख्या मॅस्टोडॉनची गंमत वाटते. जर्मनीतल्या ऑयगेन रोच्कोनं २०१६ ला आणलेलं, यात एका कंपनीचा एकच सर्व्हर असं काही नाही, हजारो सर्व्हर आहेत, कुणी चार मित्रांसाठी चालवतंय, कुणी युनिव्हर्सिटीसाठी, आणि तरी या सर्व्हरवरचा माणूस त्या सर्व्हरवरच्याला फॉलो करतो, जशी जीमेलवरून याहूला मेल जाते तसंच. त्यामागचा अ‍ॅक्टिव्हिटीपब हा नियमांचा संच जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, अधिकृत केला. भारतात याचं नाव गाजलं नोव्हेंबर २०१९ मध्ये, वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद झालं तेव्हा. बरेच जण रागानं तिकडे गेले, त्यातले पुष्कळ गुपचूप परत पण आले, खोटं कशाला बोला.

पण तिथंही एक मेख आहे. सर्व्हर बदलला की फॉलोअर्स सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. आणि चालवणारा कंटाळला तर सर्व्हरच बंद.

त्यामुळे मला विचाराल तर लिखाण आधी स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावानं घेतलेल्या वेबपत्त्यावर टाकायचं, मग लिंक फिरवा पाहिजे तिथं. आरएसएस (नवीन लिखाण वाचकाच्या अ‍ॅपमध्ये आपोआप पोचवणारी यादी) ठेवलं की वाचणाऱ्याला अकाउंट पण लागत नाही. होस्टिंगवाला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर फाइली ठेवल्यात तो, आवडला नाही तर फाइली उचलायच्या, दुसरीकडे ठेवायच्या, पत्ता तोच राहतो. फक्त डोमेन रिन्यू करायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, ते मात्र विसरलात तर पत्ताच जातो हातचा.