डीप फ्रीझर घेताय? आधी भिंतीतला पॉइंट तपासा

नमस्कार मंडळी. हा प्लग नीट बघा. (प्लग कॅमेऱ्याजवळ धरून) ही डावीकडची पिन पितळी पिवळी आहे आणि ही उजवीकडची काळी पडलीय. तिच्याभोवतीचं प्लास्टिकही बदामी होऊन जरा वितळलंय. हा माझ्या आत्याच्या डीप फ्रीझरचा प्लग. फ्रीझर जेमतेम आठ महिन्यांचा, आत दोन पेट्या हापूसचा रस आणि वर्षाचा ओला खोबऱ्याचा कीस. जिथे आधी टेबलफॅन लावायचे, त्याच सॉकेटमध्ये कन्व्हर्टर घालून हा प्लग बसवला होता. माल आणि फ्रीझर दोन्ही वाचले, कारण आत्याला वेळेत जळका वास आला.

म्हणून सांगतो, फ्रीझर किती लिटरचा घ्यायचा हे नंतर ठरवा, आधी वायरमनला घरी बोलवा.

घरगुती डीप फ्रीझर चालू असताना फार वीज ओढत नाही, एक-दीड ॲम्पियर, बस. पण कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी त्याच्या कितीतरी पट करंट लागतो, आणि दिवसातून अनेकदा लागतो. वायर बारीक असेल किंवा सॉकेटची पकड सैल असेल, तर त्या सैल जागी उष्णता साठते आणि पिन अशी काळी पडते. त्यामुळे 16 ॲम्पियरचा स्वतंत्र पॉइंट घ्या, थेट डीबीपासून, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीपासून, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून घ्या आणि त्याला वेगळा एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच, लावा. एक्स्टेंशन बोर्ड नको, कन्व्हर्टर नको, आणि त्याच पॉइंटवर मिक्सर किंवा ओव्हन तर नकोच नको.

वेगळ्या एमसीबीचा आणखी एक उपयोग आहे. गणपतीला गावी निघताना आपण मेन स्विच बंद करतो ना? फ्रीझरची लाइन वेगळी असली की बाकी सगळं बंद करून तेवढी चालू ठेवता येते. जमलं तर त्या लाइनला 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच, वेगळा घ्या. नाहीतर पावसात बाथरूमच्या गिझरमधून करंट गळला, घराचा एकच आरसीसीबी पडला, की फ्रीझरही बंद. आणि तुम्ही चार दिवसांनी परतता.

आता अर्थिंग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे हिरवी वायर कुठेच जोडलेली नसते. फ्रीझरचं अंग पत्र्याचं. पावसाळ्यात ओल्या पायांनी झाकण उघडलं आणि बोटांना मुंग्या आल्या, तर ‘चालतंय’ म्हणून सोडू नका. लगेच एमसीबी पाडा, मगच प्लग काढा.

वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्टच्या आसपास यायला हवं. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्ट असतील तर ठीक. पण त्याच लाइनवर इस्त्री चालू करूनही तिथे नेमका शून्यच दिसत असेल, तर खूश होऊ नका, सॉकेट उघडायला लावा. काही जण अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर फ्रीझरच्या सगळ्या पत्र्यात करंट उतरेल. माणूस जाऊ शकतो यात.

व्होल्टेज संध्याकाळी सात-आठला मोजा, सगळ्यांचे पंखे, टीव्ही, पंप चालू असताना. खेड्यात तेव्हा ते 180 पर्यंत उतरलेलं मी पाहिलंय. मग फ्रीझरमधून ‘टक्... गूंऽऽ... टक्’ असा आवाज येतो. कॉम्प्रेसर उठायला बघतोय, पण उठता येत नाही. अशा ठिकाणी स्टॅबिलायझर हवाच, आणि तोही वीज परत आल्यावर तीनेक मिनिटं थांबून सप्लाय देणारा. आतल्या गॅसचं प्रेशर सारखं व्हायला तेवढा वेळ लागतो.

पाण्याचं विचाराल, तर पेटीसारख्या डीप फ्रीझरला नळ लागत नाही, निचरा लागतो. बर्फ बोटाच्या पेराएवढा जाड व्हायच्या आत तो बंद करून वितळवायचा असतो आणि ते पाणी खालच्या बुचातून निघतं. बुचाखाली ताट सरकेल एवढी जागा ठेवा, शक्यतो मोरीच्या बाजूला.

स्वतः बर्फ पाडणारा मोठा फ्रीज किंवा उभा फ्रीझर घेणार असाल, तर गोष्ट वेगळी. त्याला पिण्याच्या थंड पाण्याची पाव इंची नळी लागते, आणि पाण्याला प्रेशर लागतं. बऱ्याच मॉडेलांना कमीत कमी 1.4 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास, तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत आकडा असतोच. गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असली तर साधारण एक किलो प्रेशर मिळतं. म्हणजे सात मजली इमारतीत तळमजल्याला अडचण नाही, पण सातव्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीन-चार मीटर, तिथे अर्धा किलोही येत नाही. बर्फाचे तुकडे अर्धेच पडतात आणि लोक मशीनला दोष देतात. तिथे छोटा बूस्टर पंप बसवावा लागतो. बोअरचं पाणी असेल तर आधी क्षारांचा बंदोबस्त करा, नाहीतर आतला व्हॉल्व्ह चोंदतो. आणि फ्रीझरसाठी वेगळा अँगल कॉक हाताशी ठेवा. नळी सुटली तर घरभर पाणी होण्याआधी बंद करता आला पाहिजे.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. एका वाटीत पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. गावाहून आलात की आधी ती बघा. नाणं वरच असेल तर माल गोठलेलाच राहिला. नाणं बर्फात तळाशी गेलं असेल, तर मधे वीज बराच वेळ गेली होती. मग वर सगळं कडक दिसलं तरी आतली मासळी खाऊ नका, टाकून द्या.