"औषधं घेताय ना?" हा प्रश्न बंद करा

मला विषय दिलाय तो असा, की आयबीडीच्या, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहणाऱ्या आजारांच्या, पेशंटची औषधं नियमित चालू राहावीत म्हणून आपण काय करू शकतो. पाच-सहा उपाय सांगा असं संयोजकांनी बजावलंय, ते सांगतेच, पण त्याआधी मला एका अक्षराबद्दल बोलायचंय, गेली कित्येक वर्षं जो भेटेल त्याला मी हे सांगत असते. ते अक्षर म्हणजे "ना". औषधं घेताय ना? बघा, "ना" लावला की तो प्रश्न राहतच नाही, उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं, समोरच्याने फक्त मान हलवायची. नीट पोचलीस ना, झोप झाली ना, याला कोणी नाही म्हणतं का? आणि आपण ओपीडीत आयुष्यभर हेच विचारतो आणि केसपेपरवर लिहितो, औषधे नियमित चालू.

इथे रेसिडेंट डॉक्टर बसलेत, सिस्टर आहेत, फार्मासिस्ट आहेत, मागे पेशंट आणि घरची मंडळी पण दिसतायत, तर सगळ्यांना एकच विचारते. सात दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स मिळाला आणि शेवटची गोळीसुद्धा वेळेवर घेतली, असं आयुष्यात दर वेळी झालंय, त्यांनी हात वर करा. तीन... चार. मागे तो अर्धा वर आहे तो पण धरू का? बरं, साडेचार. हे सात दिवसांचं झालं. आणि आपण अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, झालेल्या बावीस वर्षांच्या मुलीला सांगतो की हे बहुतेक कायमचं घ्यायचं, दिवसाला सहा गोळ्या, शिवाय रात्री झोपताना एनिमा, म्हणजे खालून आत सोडायचं पातळ औषध, आणि तिच्याकडून शंभर टक्क्यांची अपेक्षा करतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली या विषयावर मोठा अहवाल काढला होता, त्यात म्हटलंय की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांची औषधं नीट घेणारे जेमतेम निम्मे. म्हणजे हे आळशी लोकांचं काम नाहीये, हे माणसांचं आहे.

आता एक गोष्ट सांगते. माझे एक पेशंट होते, शाळेत शिकवायचे, पन्नाशी ओलांडलेले, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. डाव्या बाजूचा कोलायटिस. आले तेव्हा दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागत होतं, रक्त पडत होतं, एक तास वर्गावर सलग उभं राहणं शक्य नव्हतं. मेसालामीन सुरू केलं, आतड्याची सूज उतरवणारं औषध, 400 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, सुरुवातीला एनिमा पण, आणि दोन-अडीच महिन्यांत सर पुन्हा शाळेत जायला लागले. पुढे दुर्बिणीतून बघितलं तर आतडं स्वच्छ. मी म्हटलं, सर, एकदम नॉर्मल! हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणारे.

मग दर तीन महिन्यांनी यायचे. औषधं घेताय ना? हो मॅडम. त्रास नाही ना? नाही मॅडम. दोन मिनिटांत काम झालं, पुढचा पेशंट आत.

दीड वर्षाने परत रक्त. मी तोच प्रश्न विचारला, त्यांनी तेच उत्तर दिलं, आणि मी हिशेब मांडला की औषध चालू असूनही आजार उसळलाय म्हणजे औषध कमी पडतंय. डोस वाढवला. मग स्टेरॉईड. स्टेरॉईड कमी करायला घेतलं की परत त्रास, मग ॲझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, त्याच्यासाठी सारखी रक्ततपासणी, तोंड सुजलेलं, झोप उडालेली, शुगर वर गेलेली, आणि गाडी बायोलॉजिकपर्यंत, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनांपर्यंत, येऊन पोचली. त्या दिवशी आमच्या सिस्टर त्यांचं रक्त काढत होत्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, सर, एवढ्या गोळ्या म्हटल्यावर कुणाच्याही राहतात, तुमच्या आठवड्याला साधारण किती राहायच्या? सर म्हणाले, राहायच्या कसल्या सिस्टर, परत आजारी पडायच्या आधी पाच महिने मी एकही घेतली नव्हती. आणि नंतर मॅडमनी वाढवून दिलेल्या? त्याही नाहीत. ॲझाथायोप्रिन महिनाभर घेतलं, फरक दिसेना म्हणून ठेवून दिलं. स्टेरॉईड तेवढं न चुकता घ्यायचे, कारण त्याने बरं वाटतंय हे दोन-चार दिवसांत कळायचं.

सिस्टर येऊन मला सांगून गेल्या. मी सरांच्या बेडजवळ स्टूल ओढून बसले, चाळीस मिनिटं, ओपीडी बाहेर खोळंबलेली. ते जे बोलले ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. पहिली सुटली ती दुपारची गोळी. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर पाकीट काढलं की कोणीतरी विचारायचं, कसल्या गोळ्या हो सर? आता समोर डबे उघडलेले असताना माणूस काय सांगणार, की मला शौचातून रक्त पडतं? तर दुपारची बंद झाली आणि काहीच झालं नाही. मग एक दिवस सकाळी संडासच्या भांड्यात त्यांना गोळी दिसली, जशीच्या तशी. म्हणाले, मॅडम, ती आतून बाहेर नुसती फिरून येतेय तर गिळायची कशाला? आणि तिसरं म्हणजे, तुम्हीच तर म्हणाला होतात, नॉर्मल.

मग मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, तुम्ही इतक्या आपुलकीने विचारायचात, घेताय ना, त्यावर नाही कसं म्हणायचं.

दोष त्यांचा नव्हता. माझ्या प्रश्नात "नाही"ला जागाच नव्हती. सिस्टरांनी काय केलं होतं बघा, राहतात हे गृहीत धरलं, लाज काढून घेतली आणि मग फक्त आकडा विचारला. पेशंट याबाबतीत खरं सांगत नाहीत ही तक्रार हिपोक्रेटिसच्या नावावरच्या जुन्या ग्रीक ग्रंथांत पण आहे, दोन हजार वर्षांहून जुनी, आणि मला कायम वाटत आलंय की तेव्हाच्या वैद्यांचा प्रश्नही असाच असणार.

त्या गोळीचं थोडं सांगते कारण हे पेशंटला कागदावर चित्र काढून सांगण्यासारखं आहे. नान्ना स्वार्ट्झ म्हणून स्वीडनमध्ये डॉक्टर होत्या, नाव ऐकून आपल्याला कोणी नाना वाटतील पण बाई होत्या, त्यांनी 1940च्या सुमारास सांधेदुखीसाठी सल्फासलाझीन आणलं आणि ते कोलायटिसला लागू पडलं. ते म्हणजे दोन औषधं एकमेकांना बांधलेली, मोठ्या आतड्यातले जंतू ती गाठ सोडतात. त्यातलं काम नेमकं कोण करतं हे 1977 साली ऑक्सफर्डमध्ये आझाद खान आणि ट्रूलव्ह यांच्या टीमने दाखवलं, दोन्ही भाग वेगवेगळे एनिमातून देऊन बघितले, आणि गुणकारी निघालं ते 5-एएसए, म्हणजे आपलं मेसालामीन. पण नुसतं मेसालामीन गिळलं तर ते वरच्या वर छोट्या आतड्यातच शोषलं जातं, म्हणून गोळीवर लेप देतात, तो पोटातल्या आम्लात टिकतो आणि खाली गेल्यावरच विरघळतो. औषध आत पसरतं आणि कधी कधी रिकामं टरफल बाहेर येतं. सरांना दिसलं होतं ते टरफल! हे मी पहिल्या दिवशी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर त्यांचं वर्ष वाचलं असतं. (सारखीच अख्खी गोळी पडत असेल तर मात्र डॉक्टरांना सांगायचंच, मग ब्रँड किंवा प्रकार बदलून बघावा लागतो. आणि लेपाच्या गोळ्या चावायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत.)

आता ते "नॉर्मल". मराठीत "बरं वाटतंय" आणि "बरा झालो" यात केवढा फरक आहे, आणि आपण डॉक्टर लोक तो रोज पुसून टाकतो. रेमिशनला, म्हणजे आजार शांत असण्याला, मी आता आजार झोपलाय म्हणते. झोपलाय तो औषधामुळे, आणि औषध थांबलं की दुसऱ्या दिवशी उठत नाही, इथेच सगळी फसगत होते. गोळी चुकवली आणि संध्याकाळीच पोटात कळ आली असती तर एकानेही चुकवली नसती. इथे आठवडे जातात, महिने जातात, आणि माणसाची खात्री पटते की आपण उगाच खात होतो. सुनंदा केन यांनी 2003 साली छापलेला अभ्यास आहे, आजार शांत असलेले मेसालामीनवरचे 99 पेशंट, पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर ज्यांनी ठरलेल्या औषधाच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी नेलं त्यांच्यात आजार उसळायचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. नियमित घेणाऱ्यांची शांत राहायची शक्यता 89 टक्के, बाकीच्यांची 39.

आणि एक मनापासूनची तक्रार, केसपेपरवर लाल पेनाने "नॉन-कम्प्लायंट", म्हणजे सांगितलेलं न ऐकणारा, असं लिहिणं बंद करा. तो शिक्का एकदा बसला की पुढचा प्रत्येक डॉक्टर त्या माणसाशी आवाज चढवूनच बोलायला सुरुवात करतो, आणि तो माणूस तिथून पुढे आपल्याला काहीच खरं सांगत नाही. लिहायचंच असेल तर कारण लिहा. दुपारची गोळी लोकांसमोर घेता येत नाही, असं लिहा, वाचणाऱ्याला काहीतरी करता तरी येईल.

चिठ्ठी आली, सात मिनिटं. बरं, तर उपाय, भराभर सांगते, लिहून घ्या.

प्रश्न दोन विचारायचे, एक, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा राहिलं, आणि दुसरा, कधी मुद्दाम बंद करून बघितलं का. कारण विसरणारा वेगळा आणि ठरवून थांबणारा वेगळा. विसरणाऱ्याला अलार्म, खणांची डबी, दात घासण्याशी जोडून द्या, पुरतं. ठरवून थांबलेल्याला अलार्मचा काय उपयोग? रॉबर्ट हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी हे छान मांडलंय, माणूस मनात गरज आणि भीती तोलत असतो. त्याला विचारा भीती कसली, किडनीची, केस जायची, मूल न व्हायची, आणि त्याचंच उत्तर द्या, ब्रोशर वाचून दाखवू नका. मेसालामीनने किडनीला त्रास क्वचित होतो, म्हणून तर रक्तातलं क्रिएटिनिन, किडनीची तपासणी, बघत राहतो, असं सरळ सांगा.

दुसरं, वेळा कमी करा. मेसालामीन शांत आजारात बहुतेकांना दिवसातून एकदाच चालतं. 2009 सालच्या पोडियम चाचणीत 2 ग्रॅम एकदम घेणारे वर्षभरात 71 टक्के शांत राहिले, तेच दोनदा विभागून घेणारे 59. सरांना मी सकाळी एकदाच घ्यायला दिलं, स्टाफरूमचा प्रश्नच मिटला, हळूहळू स्टेरॉईड सुटलं आणि बायोलॉजिकची वेळ आली नाही.

तिसरं, प्रत्येक औषधाचं घड्याळ पहिल्याच दिवशी सांगा. ॲझाथायोप्रिनला दोन-तीन महिने लागतात. स्टेरॉईड कायमचं नाही पण मनाने एकदम बंद करायचं नाही, शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड तोपर्यंत मंदावलेलं असतं, जिवावर बेतू शकतं. इन्फ्लिक्सिमॅब सुरुवातीला 0, 2, 6 आठवड्यांना आणि मग दर 8 आठवड्यांनी, मध्ये मोठा खाडा पडला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, मग पुन्हा सुरू केल्यावर ते चालत नाही किंवा रिॲक्शन येते.

चौथं, दिवस गेले की घाबरून सगळं बंद करणाऱ्या मुली. बहुतेक औषधं चालू ठेवता येतात, उसळलेला आजारच बाळाला जास्त घातक. मेथोट्रेक्सेट मात्र अजिबात नाही, आणि काही नव्या गोळ्याही नाहीत, म्हणून हे लग्नाच्या, मुलाच्या गोष्टी निघाल्या की आधीच बोला.

पाचवं, फार्मासिस्ट मंडळी, तुम्हाला आमच्याआधी कळतं. महिन्याचं पाकीट दोन महिन्यांनी न्यायला आला की समजा. फोन करा, रागवायला नाही, कारण विचारायला. आणि त्रास नसताना शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करा, आत सूज वाढायला लागलीय हे लक्षणांच्या आधी दिसू शकतं, पेशंटला स्वतःचा आकडा बघून जे पटतं ते माझ्या बोलण्याने पटत नाही.

एनिमा राहिला. डाव्या आणि खालच्या बाजूच्या आजारात तोंडातून आणि खालून दोन्ही दिलं तर एकट्या गोळ्यांपेक्षा चांगलं काम होतं, पण पेशंट दुकानातून आणतो आणि कपाटात ठेवतो कारण कसा घ्यायचा हे कोणी दाखवलेलंच नसतं. डाव्या कुशीवर झोपायचं, झोपायच्या आधी, बाटली हातात धरून थोडी कोमट करून. सिस्टरांनी डमीवर दाखवायला नमुना आणलाय. चारचौघांत विचारायला नको वाटत असेल तर मी आणि सिस्टर खाली उजवीकडच्या खोलीत आहोत, एकेकाने या, दार लावून घेऊ.