परसातली जखमी कोंबडी

नमस्कार श्रोतेहो. भर दुपारी परसात गलका होतो. धावत जावं तर मुंगूस कुंपणापलीकडे पसार झालेलं असतं आणि एखादी कोंबडी पाठ फाटून कोपऱ्यात बसलेली असते. अशा वेळी घरातलं कुणीतरी आधी हळदीच्या डब्याकडे धावतं. हळद राहू द्या. आधी ती कोंबडी बाकीच्यांपासून वेगळी करा. लाल दिसलं की इतर कोंबड्या तिथेच टोचत राहतात, आणि मुंगसाच्या तावडीतून सुटलेली कोंबडी घरच्यांच्याच चोचीने जाते.

डालग्याखाली किंवा खोक्यात, उबेला, थोड्या अंधारात ठेवा. अंधारात पक्षी शांत होतो. धरताना छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वास ओढणारा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्यांचा श्वास चालतो. मुलं प्रेमाने घट्ट धरतात, तेव्हा हे त्यांनाही सांगा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं चार-पाच मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. पिंजऱ्यातल्या बजरीगरच्या, म्हणजे त्या छोट्या पोपटाच्या, बाबतीत तर फार जपा. त्याचं वजन 30-40 ग्रॅम, आणि अंगातलं सगळं रक्त मिळून चहाचा एक चमचाही भरत नाही. त्याचं नख तुटून रक्त आलं तर चिमूटभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर नखावर दाबा. उघड्या जखमेत मात्र पीठ नको.

मग धुणं. खरा उपचार हाच. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात चहाचा सपाट दीड चमचा मीठ घाला आणि सुई काढलेल्या सिरिंजने जखमेवर धार सोडा. जखमेत अडकलेली आणि काठावरची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. पंखाखालीही बघा, कोंबड्याच्या नखीने पडलेली चीर तिथे लपलेली असते. पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखमेवर लावायचं तपकिरी औषध, वापरायचं तर पाण्यात मिसळून, फिक्या चहाच्या रंगाचं करून. घरातली जंतुनाशकं, टर्पेंटाईन, जनावरांच्या जखमेवरचे फवारे पक्ष्यांना झेपत नाहीत. तेलातुपाने पिसं चिकटतात आणि पक्षी गारठतो. आपल्याकडची दुखणं थांबवणारी मलमंही लावू नका. बधिरी आणणारं औषध इवल्याशा जिवाला घातक ठरतं.

पक्ष्याच्या जखमेत पू झाला तरी तो वाहत नाही, चक्क्यासारखा घट्ट गोळा होतो. म्हणून वरून कोरडी दिसणारी पण फुगलेली जखम बरी झाली असं समजू नका. पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडतात, तेव्हा दिवसातून दोनदा बघा.

मांजराने धरलं असेल तर दाताची खूण दिसली नाही तरी पशुवैद्यकाकडे न्याच. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याला दोन दिवसांतही संपवतात. हाड मोडलं, पोट फाटलं, पक्षी खाईना, तरीही तेच. आपल्या घरातल्या उरलेल्या गोळ्या चुरून देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या, हा प्रश्न हमखास राहून जातो.

खपली धरून त्यावर कातडी आली की कोंबडी पुन्हा खुराड्यात सोडा, पण तिन्हीसांजेनंतर, बाकीच्या बसल्यावर. सकाळी दार उघडताना थोडा वेळ तिथेच थांबा. टोचाटोची दिसली तर तिला आणखी काही दिवस डालग्याखालीच, पण इतरांना दिसेल अशा जागी ठेवा.