२८६.६० टका

२०२३ मधले हे चित्रण ढाक्याच्या मोतीझील भागातल्या एका ब्रोकरच्या दालनातले आहे. ग्रामीणफोन या दूरसंचार कंपनीच्या नावासमोरचा शेअरचा भाव पाहा: २८६.६० टका. काल हाच होता, महिन्यापूर्वीही हाच होता. बांगलादेशच्या बाजार नियामकाने जुलै २०२२ च्या अखेरीस प्रत्येक शेअरला किमान भाव ठरवून दिला आणि त्याखाली सौदा करण्यास मनाई केली. आपल्याकडचे लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव किती पडू शकतो याची मर्यादा, त्या दिवसापुरते असते, दुसऱ्या दिवशी भाव आणखी उतरू शकतो. इथे तळच आखून दिलेला होता.

आता या संगणकाकडे वळू. अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या मॉडेलनुसार शेअरचा अपेक्षित परतावा त्याच्या बीटावर, म्हणजे बाजार हलला की तो किती हलतो यावर, ठरतो. फामा आणि फ्रेंच या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये त्यात कंपनीचा आकार आणि बाजारभावाच्या तुलनेतले पुस्तकी मूल्य (हिशेबवहीतली मालमत्ता वजा देणी) हे दोन घटक जोडले. ही मॉडेले ढाक्यासारख्या फ्रंटियर, म्हणजे लहान आणि कमी विकसित, बाजारात चालतात का हे तपासायचे, तर आधी परताव्याचा रकाना तयार करावा लागतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे. कंपनीने दहा टक्के बोनस शेअर, म्हणजे भागधारकांना फुकट जादा शेअर, दिले की ११० चा भाव १०० वर येतो. गुंतवणूकदाराचे काहीच गेलेले नसते, पण जुना भाव दुरुस्त केला नाही तर रकान्यात नऊ टक्क्यांचा तोटा उमटतो. अमेरिकेतल्या अभ्यासांत पोर्टफोलिओ, म्हणजे तुलनेसाठीचे शेअरांचे गट, जूनअखेर बांधतात, कारण तिथल्या बहुतेक कंपन्यांचे वर्ष डिसेंबरला संपते. बांगलादेशात बँका आणि विमा कंपन्या सोडल्या तर बहुतेकांचे वर्ष जूनलाच संपते, त्यामुळे तीच पद्धत डोळे मिटून उचलली तर हाती वर्षभर शिळा ताळेबंद येतो.

आणि मग ही शून्ये: किमान भावाला अडकलेल्या शेअरला त्या भावाने घेणारा नाही, म्हणून भाव हलत नाही आणि परतावा शून्य. रकाना खाली सरकवत नेला तरी ती संपत नाहीत. भाव हलत नाही म्हणून बीटा शून्याजवळ येतो, आणि ज्याला गिऱ्हाईकच मिळत नाही तो शेअर मॉडेलच्या लेखी जवळजवळ बिनजोखमीचा ठरतो. विरळ सौद्यांसाठी एल्रॉय डिमसन यांनी १९७९ मध्ये सुचवलेला उपाय, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या दिवसांचा बाजाराचा परतावाही समीकरणात घेणे, थोड्या दिवसांच्या उशिराला पुरतो; दीड वर्षाच्या खोळंब्यापुढे तो थिटा पडतो. शिवाय ज्या निर्देशांकाशी तुलना करायची, तोही याच गोठलेल्या शेअरांचा बनलेला. अशा आकड्यांवर मॉडेल नापास ठरवले, तरी त्यातून नियामकाच्या आदेशापलीकडे फारसे काही कळत नाही, असे आमचे मत आहे.

जानेवारी २०२४ मध्ये बहुतेक शेअरांवरचे हे बंधन उठले; तोवर अडीअडचणीला पैसे लागलेल्या अनेकांना शेअर विकता आले नव्हते. ढाक्याचा बाजार रविवारी उघडतो. २१ जानेवारीच्या त्या रविवारची ही ओळ: शून्यांच्या जागी बहुतेक रकान्यांत वजाचे चिन्ह आले आहे.